चपला वाचणारे धुरीकाका

आमचे शेजारी धुरीकाका माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत, पायांकडे बघत. घरी कोणी आलं की आधी दाराबाहेरच्या चपला न्याहाळायचे आणि मगच "या, बसा" म्हणायचं की नुसतं "या", ते ठरवायचे.

हे वेड साधंसुधं नव्हतं. काका शेअर घेत, आणि तेही चपला बघूनच. वर्तमानपत्रातलं बाजारभावांचं पान ते उघडायचे ते पोह्यांच्या बशीखाली घालायला. मुलुंडपासून भांडुपपर्यंत रस्त्यालगत तेव्हा कारखानेच कारखाने होते. काका एखाद्या गेटासमोरच्या टपरीवर चहा घेऊन बसत आणि भोंगा झाला की बाहेर पडणारे पाय बघत. कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलेला, कोणाचा पट्टा शिवलेला, कोणाची टाच झिजून कागद झालेली.

"कंपनी आकड्यांत खोटा बोलात गो," ते मला म्हणायचे, "पायांत बोलूची नाय."

बारावीच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जाऊन बसू लागले. दुपारचं ऊन शिरीषाच्या झाडांतून गळत यायचं, हातातला चहा निवून जायचा, आणि मला वाटायचं, सगळी मुंबई माझ्यासमोरून संथपणे घरी चालली आहे. त्याच गुंगीत एकदा मी घरी जाहीर केलं की मला शेअरबाजारात पडायचंय.

"पड," बाबा म्हणाले, "पण बी.कॉम. करून पड."

काका भडकलेच. "बी.कॉम.ला चपला शिकवतत?"

"मग कशात शिकवतात?" मी विचारलं.

हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. कॉलेजचं माहितीपुस्तक मागून नेऊन त्यांनी रविवारभर वाचलं. इतिहास, भूगोल, संस्कृत, काही सोडलं नाही. संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने आले. "खंयच नाय." मग मानसशास्त्रावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यां घे. मन ते शिकवतले. पायांक मी आसंय."

"भांडुपचं विसरलीस वाटतं," बाबा म्हणाले. ते विसरणं अवघडच होतं. तिथल्या एका कारखान्यातून एकदा यच्चयावत कामगार कोऱ्या चपला घालून बाहेर पडले. काका हरखले आणि दुसऱ्याच दिवशी शेअर घेऊन मोकळे झाले. नंतर कळलं, कारखाना चपलांचाच होता आणि मालकाने थकलेल्या पगाराऐवजी मालच वाटला होता. दोन महिन्यांत गेटाला कुलूप लागलं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी कॉलेजच्या रांगेत उभी होते. सगळा अर्ज भरला होता, विषयाची ओळ तेवढी कोरी. सोबतीला काका आले होते.

"काका, खरं सांगा. बी.कॉम. घेऊ का?"

त्यांनी रांगेतल्या चपलांवरून नजर फिरवली. मग पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलले. काका परळच्या एका गिरणीत हिशेबनीस होते आणि त्यांचे थोरले भाऊ त्याच गिरणीत मागावर. भावाने विचारलं होतं, गावाक जाऊन कलमां लावू काय? काकांनी ताळेबंद बघून सांगितलं, गिरणी भक्कम आहे, थांब.

"आकडे चांगलेच होते गो. दादाची चपल मात्र रोज दारात दिसायची, पट्ट्याक पिन लावलेली. माका वाचूक येत नव्हती."

गिरणी बंद पडली. भाऊ गावी निघून गेले, तेव्हापासून बोलणं नाही, पत्र नाही.

मी खाली बघितलं. इतके दिवस बरोबर हिंडून काकांच्या पायांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. एक नंबर मोठ्या चपला, आणि उजव्या पट्ट्याला गंजलेली पिन.

"या दादांच्या?"

"दारात ऱ्हवल्यो."

"चांभाराकडून शिवून तरी घ्या ना."

"नको. ती पिन दादानच लायल्यान."

माझे डोळे भरून आले. गुडघ्यावर अर्ज ठेवून मी कोऱ्या ओळीत मानसशास्त्र लिहिलं. मग म्हटलं, "काका, घरी गेल्यावर दादांना पत्र लिहूया. तुम्ही सांगा, मी लिहिते."

काका बराच वेळ पायांकडे बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दादाक पयलां इतक्यांच इचार," ते म्हणाले, "आता पायात काय घालतस?"