विहिरीतला जादूगार आणि निःपक्ष वाचक

हिंगणखेडे येथील सार्वजनिक मोफत वाचनालयाचा एक नियम आहे. एकाहून अधिक भागांच्या ग्रंथाचा पुढचा भाग मागवायचा झाल्यास मागच्या भागांवर वाचकांचे अभिप्राय आलेले असले पाहिजेत. नियम मूर्खपणाचा नाही. पूर्वी वाचनालयाने गुरांच्या रोगांवरचा एक ज्ञानकोश सगळ्या भागांसकट मागवला होता. त्याचा पहिला भाग वाळवीने मनापासून वाचला आणि पुढचे तिलाही रेटवले नाहीत. तेव्हापासून कार्यकारिणी सावध झाली.

या नियमाने चिटणीस भाईदास आबांना गाठलं, ते एकोणनव्वद सालच्या पावसाळ्याअखेरीला.

आबा म्हणजे कीर्तनवेडा माणूस. पाचोऱ्याला कीर्तन असो की भडगावला सप्ताह, आबांची सायकल मंडपाच्या खांबाला टेकलेली दिसायचीच. बुवा रंगात आले की आबांच्या डोळ्यांना धार लागे आणि ती आरती होईपर्यंत खंडत नसे. अशा माणसाच्या हाती ‘सोनपिसाचा जादूगार’ नावाची त्रयी लागावी, हे जरा नवलच. पण त्यात आबांचा दोष नव्हता. जळगावच्या प्रदर्शनात पहिल्या भागाच्या मुखपृष्ठावर एक पोरगा एका पायावर हात जोडून उभा दिसला. आबांना वाटलं, हा ध्रुवबाळ. त्यांनी तिथेच नमस्कार केला आणि वाचनालयासाठी दोन भाग बांधून घेतले. तिसरा अजून छापून व्हायचा होता. घरी येऊन उघडलं, तर ध्रुवबाळ जादूगार निघाला.

पार्वताबाईंच्या, म्हणजे आबांच्या मंडळींच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवेलागणीला आबा पोथी वाचत आणि त्या वाती वळत ऐकत. आता पोथीमागून या मेघांक नावाच्या पोरग्या जादूगाराची गोष्ट सुरू झाली. पहिले दोन दिवस बाईंनी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवसापासून ऊन असतानाच दिवा लागू लागला.

दुसरा भाग असा संपतो. मेघांकाला त्याच्या गुरूनेच कपटाने कोरड्या विहिरीत ढकललं आहे. वर सगळा मुलूख पाण्यावाचून तडफडतो आहे. मेघांकापाशी एकच मंत्र शिल्लक आहे. त्या मंत्राने एक तर विहिरीला पायऱ्या फुटतील, नाही तर मुलखावर पाऊस पडेल. मेघांक डोळे मिटतो, ओठ उघडतो, आणि खाली छापलेलं असतं, भाग दुसरा समाप्त.

“म्हंजे पोऱ्या इहिरमाच शे?” पार्वताबाईंनी विचारलं.

आबा म्हणाले, तिसऱ्या भागात निघेल. त्यावर बाईंनी थोडा विचार केला. पाऊस पाडला तर विहीर भरेल, मग पोरग्याला पोहता येतं का? तसं कुठे लिहिलेलं आबांना आठवेना.

आबांना मनातून अपराधी वाटलं. कोणताही बुवा प्रल्हादाला खांबापाशी उभा करून चहाला जात नाही. आख्यान लावलं की तडीस न्यायचं, ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा नाही, हा कीर्तनाचा धर्म. छापखान्यांना धर्म नसतो.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण पावसाळा सरताच धुळ्याच्या दवाखान्यातून बाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख आली आणि बाई अडून बसल्या. “चिरफाडनं काय सांगता येतं? पोऱ्या निंघना इतलं आयकी लिसू, मंगच जासू.” पोरगा विहिरीतून निघाला, एवढं ऐकल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की मोतीबिंदू पिकत चाललाय, फार थांबू नका. तिसरा भाग तोवर बाजारात आला होता. मधे फक्त अभिप्राय होते.

आबांनी वाचनालयाच्या फळ्यावर खडूने सूचना लिहिली. त्याच संध्याकाळी दोन अभिप्राय चालत आले.

पहिले जीवराम गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं, मंत्राने पाऊस पडतो असं सांगणारं पुस्तक म्हणजे अंधश्रद्धेचा प्रसार, ते तात्काळ बंद करा. दुसरे उखर्डू बुवा, भजनी मंडळाचे प्रमुख. त्यांचं म्हणणं, ना एकादशी, ना माळ, आणि कोणाही पोरग्याच्या मंत्राने पाऊस पडतो असं सांगणारं पुस्तक म्हणजे श्रद्धेवर घाला, ते तात्काळ बंद करा. दोघांची गेली कित्येक वर्षं बोलचाल नव्हती. त्या संध्याकाळी दोघांनी एकाच बाकावर बसून एका कपातला चहा दोन बशांत घेतला.

आबांनी नम्रपणे विचारलं, आपण किती भाग वाचलेत?

“विष ओळखायला प्यावं लागतं का, आबा?” गुरुजी म्हणाले. बुवांनी मान हलवली.

प्रकरण अध्यक्ष रुपचंद नानांकडे गेलं. नानांचं तेलाचं दुकान होतं आणि तराजू हातात घ्यायची सवय असल्याने न्यायाची त्यांना आवड होती. त्यांनी निर्णय दिला की तक्रारीचा निकाल लागेपर्यंत दोन्ही भाग लाखेचं सील मारून कपाटात ठेवावेत, कोणाला देऊ नयेत, आणि वाचकांची मतं मागवावीत.

आबा म्हणाले, “नाना, पुस्तक कपाटात ठेवलं तर वाचक वाचणार काय?”

नाना हसले. “वाचून मत देणारा माणूस पुस्तकाच्या बाजूचा तरी होतो, नाही तर विरोधी तरी होतो. दोन्हीकडून हितसंबंध आलाच. आपल्याला निःपक्ष मत पाहिजे.”

अशा रीतीने ज्यांनी पुस्तक वाचलं ते हितसंबंधी वाचक ठरले आणि त्यांची मतं बाद झाली. ज्यांनी वाचलं नाही ते निःपक्ष वाचक. गावात निःपक्ष वाचकांचा तुटवडा कधीच नव्हता.

मतं येऊ लागली. पहिल्या आठवड्यात वाचनालयाचा ओटा भरला, दुसऱ्या आठवड्यात समोरचा पारही. ज्या माणसाने शाळा सुटल्यापासून छापील अक्षराकडे पाठ फिरवली होती, तोही, पुस्तकाला हात लावायचा असल्यासारखे, हात धुऊन मत द्यायला येई. एकाने सांगितलं, कथानक चांगलं आहे पण लांबण लागली. दुसरा म्हणाला, मेघांकाचं पात्र उठत नाही. खताच्या दुकानातल्या एकाने तर दोन्ही भागांची तुलना करून पहिला अधिक सकस ठरवला. ज्याला काहीच सुचेना त्याने ‘पूर्वीसारखं लेखन आता राहिलं नाही’ असं सांगितलं, आणि ते मत सर्वांत समतोल म्हणून नानांनी वाखाणलं.

हळूहळू मत असणं ही अब्रूची बाब झाली. लग्नाच्या बोलण्यांत शेती किती, पाणी कसं, याच्या जोडीला त्रयीविषयी मत काय, हेही विचारलं जाऊ लागलं. दोंडाईच्याची एक सोयरीक मुलाकडचे अनुकूल आणि मुलीकडचे प्रतिकूल निघाल्याने मोडली. दोन्हीकडच्यांना पुस्तक दाखवा म्हटलं असतं तर त्यांनी बहुधा बँकेचं पासबुक पुढे केलं असतं. आबांना वाटे, कीर्तनाला तरी माणसं निदान ऐकून झोपतात. इथे न ऐकताच जागी होती.

घरी रोज एकच प्रश्न. “निंघना का?” आबा खाली मान घालून म्हणत, अजून नाही. धुळ्याची तारीख एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा. बाई आता ताटातली भाकरी चाचपून शोधू लागल्या होत्या. एकदा त्यांनी मिठाच्या जागी साखर घातली आणि आबांनी ती आमटी वाटी पुसून संपवली.

शेवटी सभा भरली. देवळाच्या सभामंडपात हात वर करून मतं मोजली, तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. नाना अध्यक्ष, त्यांना मत नव्हतं, तराजूच्या काट्याने कुठल्याही पारड्यात बसायचं नसतं. त्यांनी आबांकडे पाहिलं. म्हणाले, चिटणिसांचं मत घेऊ, पण आधी एक सांगा आबा, तुम्ही हे पुस्तक वाचलंय का?

समोर विठ्ठलाची मूर्ती. आयुष्यभर कीर्तनकारांच्या तोंडून ऐकलं होतं की धर्मराज एकदाच अर्धं खोटं बोलला आणि त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. आबांचा रथ तसाही सायकलीचा होता, तो आधीपासूनच जमिनीवर होता. डोळ्यांपुढे साखरेची आमटी आली.

“नाही,” आबा म्हणाले. “एक ओळ नाही. म्हणून माझं मत अनुकूल आहे.”

टाळ्या पडल्या. तिसरा भाग मंजूर झाला आणि आठ-दहा दिवसांत पोस्टाने आला. आबांनी पार्सल छातीशी धरलं. तेवढ्यात नाना आले आणि त्यांनी शांतपणे नियम सांगितला. भाग क्रमानेच मिळतात. पहिला वाचल्याशिवाय दुसरा नाही, दुसरा वाचल्याशिवाय तिसरा नाही. आबांनी भरसभेत देवासमोर सांगितलं आहे की त्यांनी एक ओळ वाचलेली नाही. तेव्हा त्यांना आधी पहिला भाग घ्यावा लागेल.

“मग द्या पहिला.”

“तो सीलबंद आहे,” नाना म्हणाले. “गुरुजी आणि बुवांनी वर अपील केलंय.”

तिसरा भागही मग पहिल्या दोन भागांच्या शेजारी कपाटात गेला. किल्ली आबांच्याच करगोट्याला होती. सील मात्र नानांच्या अंगठीचं होतं.

त्या दिवशी आबा घरी आले ते सरळ अंगणात जाऊन बसले. पार्वताबाई भिंत धरत बाहेर आल्या. आबांनी सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं. बाई भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, “आते तुम्हीच काढा त्याले.”

आबा दचकले. दुसऱ्याच्या ग्रंथात आपण कसा हात घालायचा? बाई म्हणाल्या, कीर्तनकार बुवा तरी काय करतात, मूळ दोन ओळी असतात आणि रात्र सरते. आबा उठले. त्यांनी पाय धुतले, उपरणं कमरेला बांधलं आणि गजर धरला. आवाज ऐकून शेजारपाजार जमला, मागोमाग गाव लोटलं, कुणी टाळ आणले. आबांनी पूर्वरंगात भक्ताची तळमळ सांगितली आणि उत्तररंगात मेघांकाच्या विहिरीत उतरले. कोणता मंत्र म्हटला, पाऊस आला की पायऱ्या, पोरग्याला पोहता येत होतं की नव्हतं, सगळं सांगितलं. अंगणात एक डोळा कोरडा राहिला नाही. पार्वताबाईंनी आरती झाल्यावर हात जोडले आणि विचारलं, धुळ्याची एसटी किती वाजता?

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी सुटल्यावर बाईंना सगळ्यांत आधी आबांचं उपरणं दिसलं आणि ते किती मळलंय हेही दिसलं.

गावी परतले तर ओट्यावर गर्दी. आबांनी केलेल्या शेवटाविरुद्ध तक्रार आली होती. गुरुजींच्या मते तो शेवट अंधश्रद्धेला पोषक होता, बुवांच्या मते श्रद्धेला मारक. दोघेही त्या संध्याकाळी अंगणात नव्हते. नानांनी लगेच मतं मागवली आणि जुनाच दंडक लावला. जे अंगणात बसून रडले ते हितसंबंधी, त्यांची मतं बाद. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचीच घ्यायची. पण या खेपेला पंचाईत झाली. सारं गाव अंगणात येऊन रडून गेलं होतं. गुरुजी आणि बुवा सोडले तर निःपक्ष माणूस उरला नव्हता, म्हणून आता बाहेरगावची मतं घेणं चालू आहे.

तो शेवट इथे दिलेला नाही, तो याच कारणाने. दिला असता तर आपण अपात्र ठरला असता. आपण त्रयी वाचलेली नाही, आबांच्या अंगणात आपण नव्हता, आणि मेघांक विहिरीतून निघाला की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. इतका निःपक्ष वाचक रुपचंद नानांना दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. आणि मत तर आपलं केव्हाच झालेलं आहे. येताना हात तेवढे धुऊन या.