वानखडे सिस्टरांचं टेबल

वानखडे सिस्टरांना वास यायचा. वॉर्डातला फिनेलचा नव्हे, तो सगळ्यांनाच येतो. त्यांना आपण काय खाल्लं त्याचा वास यायचा. दारात पाय ठेवला की त्या नाक वर करायच्या, नर्सेसच्या टेबलाकडे दोन पावलं टाकायच्या आणि विचारायच्या, "शेव कोनं खाल्ली?"

खाल्लेली असायचीच.

अकोल्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी नवीन लागले तेव्हा बायकांच्या वॉर्डाच्या त्या इन्चार्ज होत्या. ठेंगणा बांधा, काळा रंग, केसांचा घट्ट अंबाडा आणि मनगटावर आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ. पहिल्याच दिवशी मला औषधांची ट्रॉली, इंजेक्शनांचा ट्रे, रजिस्टरं सगळं दाखवून झाल्यावर त्यांनी टेबलावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हे टेबल हाय, पंगत नाई. इथं दाना खायाचा नाई, घोट प्याचा नाई. समजलं?"

मी बाळापूरची, लगेच कुणाचं ऐकणारी नव्हे. मान डोलावली आणि तासाभरात पर्समधला पारले बिस्किटाचा पुडा उघडला. सिस्टर वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला एका म्हातारीचं बीपी घेत होत्या. तिथूनच आवाज आला, "नवी पोरगी, तो पुडा बंद कर वं. आवाज येऊन राहिला मले."

एकदा केसपेपरवर तेलाचा डाग पडला. त्यांनी लाल पेनानं त्याभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'आलूबोंडा'. तो कागद तसाच राऊंडला गेला. मोठ्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, बोंड्याचा पेशंटच्या आजाराशी काही संबंध लागतो का ते पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

डॉक्टरांनाही त्यातून सूट नव्हती. एक तरुण डॉक्टर आमच्या टेबलाला टेकून चहा प्यायचे. सिस्टरांनी एक दिवस त्यांचा कप बशीसकट उचलला, बाहेरच्या पॅसेजमधल्या खिडकीत नेऊन ठेवला आणि परत येऊन अदबीनं सांगितलं, "साहेब, तुमचा चहा तिकडं उभा हाय."

पाण्याचंही तेच. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला त्याला हे काय आहे ते कळेल. पंखे गरम हवा फिरवतात, नळाला हात लावला तर चटका बसतो. अशा दिवसांतही टेबलावर पाण्याची बाटली ठेवायची नाही. बाटल्यांसाठी त्यांनी पॅसेजमध्ये एक फळी ठोकून घेतली होती. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. तासातासाला त्या आमच्या मागे लागायच्या, "पानी पेली का? जाय, पिऊन ये. तोंड वाळलं तुहं." म्हणजे आम्ही तहानेनं मरावं अशी त्यांची इच्छा नव्हती. फक्त तिथे प्यायचं नाही, एवढंच.

आम्ही त्यांच्या नकला करायचो. त्यांच्या नाकाला आम्ही एक्स-रे मशीन म्हणायचो. एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्याच नीट लक्षात आली नव्हती. त्या आमच्यासोबत कधीच जेवल्या नाहीत. जिन्याखालच्या खोलीत आम्ही डबे उघडायचो तेव्हा कुणीतरी हाक मारायचं, "या ना सिस्टर." त्या म्हणायच्या, "माहं झालं." कधी झालं, कुठे झालं, कुणी विचारलं नाही.

मग रुपालीचं झालं.

रुपाली आमच्यातली सगळ्यांत गोड मुलगी. तिला सातवा महिना होता. त्या सकाळी वॉर्डात आम्ही दोघीच नर्सेस, खाटा भरून जमिनीवर गाद्या टाकलेल्या आणि सिस्टर स्टोअरमध्ये औषधं घ्यायला गेलेल्या. रुपाली घरून काही खाऊन आली नव्हती, सकाळी उलट्या झाल्या होत्या. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तिनं राजगिऱ्याचा लाडू ठेवला होता. तो काढून अर्धा तोडला, तेवढ्यात सिस्टर आल्या. तोंडाशी गेलेला तुकडा त्यांनी तिच्या हातातून काढून घेतला. ओरडल्या नाहीत. कागदात गुंडाळून तिच्या खिशात घातला आणि म्हणाल्या, "खाली जाऊन खाय."

रुपाली निघालीच होती. पण तेवढ्यात दोन नवीन पेशंट आले, एकीची सलाईन संपली, दुसरीचा नातेवाईक आरडाओरडा करायला लागला. खाली जाणं राहून गेलं. तासाभरानं बावीस नंबरच्या खाटेजवळ ती उभ्या उभ्या खाली बसली आणि मग आडवी झाली.

पोटातलं बाळ ठीक होतं, तीही ठीक होती. साखर उतरली होती, इतकंच. पण तिला खाटेवर झोपवताना तिच्या खिशातला तो लाडू खाली पडला आणि माझं डोकं फिरलं.

"सिस्टर," मी सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "मानूस मेलं तरी चालते तुमाले, टेबल साफ पायजे फक्त. काहून? काय हाय त्या टेबलात एवढं?"

त्यांनी जमिनीवरचा लाडू उचलला आणि कितीतरी वेळ तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

आम्ही तक्रार लिहिली. नर्सला जेवायला वेळ मिळत नाही, आपल्या जागी उभं राहायला दुसरी कुणी मिळत नाही, निदान टेबलाशी दोन घास खाऊ द्यावेत, असं त्यात होतं. सगळ्यांनी सह्या केल्या. मेट्रननं आम्हाला आणि सिस्टरांना समोरासमोर बोलावलं. सिस्टरांनी तक्रार वाचली, चष्मा काढला.

"मॅडम, रुपालीच्या बाबतीत चूक माही हाय," त्या म्हणाल्या. "मी तिचे पेशंट घ्याले पायजे होते नि तिले पाठवाले पायजे होतं. मी नुसतं 'जाय' म्हनलं. पन टेबलावर खाऊ देनार नाई. त्याच टेबलावर लघवीच्या बाटल्या येतात, रक्ताच्या येतात, त्याच हातानं आमी रजिस्टर लिहितो. माही बदली करा पायजे तर."

बदली झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर वॉर्डाला लागून असलेली अडगळीची खोली रिकामी झाली होती. मोडके सलाईन स्टँड पॅसेजमध्ये, आत दोन स्टुलं, एक बाकडं, बेसिनवर नवा साबण. त्या दिवसापासून नेम ठरला. सिस्टर आमच्यापैकी एकीसमोर येऊन उभ्या राहायच्या, "पंधरा मिनिटं. जाय. तुहे पेशंट माह्याकडं." अशा पाळीपाळीनं सगळ्यांना पाठवायच्या. रुपालीला दोनदा. निवृत्त होईपर्यंत हे चाललं. त्या खोलीत त्या स्वतः कधी बसल्याचं मात्र मी पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर त्या अमरावतीला राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात मुलीच्या क्लासच्या चौकशीसाठी मी अमरावतीला गेले होते. काम लवकर आटोपलं, ऑटो केला आणि त्यांच्याकडे गेले. दोन खोल्या, दारात तुळस आणि गुलाबाची दोन झाडं. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. भातकुलीला भावाची भाजीची वाडी, तिथून आठवड्याला पिशवी येते म्हणाल्या.

मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. लगेच चूल-भांड्याला लागल्या. आंबाडीची भाजी, ठेचा, ज्वारीच्या गरम भाकरी. एकच ताट वाढलं.

"तुमचं?" मी विचारलं.

"माहं होईन मंग."

"सिस्टर, आता तरी बसा ना सोबत. इथं कोनतं टेबल हाय?"

त्यांनी तव्यावरची भाकर उलटवली. मग म्हणाल्या, "मंगला होती माह्यासंगं ड्युटीले, नर्सच. नोकरीच्या पहिल्या सालची गोष्ट. एका ताटात जेवत होतो आमी. तिले पाचवा महिना होता. त्या दिवशी वॉर्ड भरून गेला होता, तिले उठाले जमे ना. मी घरून भरीत नेलं होतं, वाडीतल्या वांग्याचं. तिथंच टेबलावर डबा उघडला. ती म्हने, हात धुवून येतो. मी म्हनलं, राहू दे वं, थंडं होईन. आ कर. नि म्या माह्या हातानं तिले भरवलं. माहेही हात धुतले नव्हते. कावीळच्या पेशंटचे कपडे बदलून आलो होतो आमी दोघी."

भाकर तव्यावर करपायला लागली होती. त्यांनी ती उतरवली.

"महिन्याभरानं तिचे डोये पिवळे झाले. आठ दिवसांत गेली. लेकरूही गेलं."

मी इतकी वर्षं नर्स आहे. मी म्हणाले, "सिस्टर, पाण्यातूनही होते ती. त्या साली गावात साथ असंन. तुमच्या हातानंच झाली असं कोन सांगते?"

"कोनीच सांगत नाई," त्या म्हणाल्या. "नाई झाली असंही कोनी सांगत नाई. मीही नर्सच हाव बाई. समजते मले सगळं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पन तेव्हापासून कोनी सोबत जेवाले बसलं का माह्या तोंडात घास फिरते. तू जेव. मले पाहू दे."

त्या माझ्यासमोर पाट घेऊन बसल्या. मी घास घेतला की त्यांचे डोळे माझ्या हाताबरोबर वर यायचे आणि खाली जायचे. ताटातली भाकर संपायच्या आत दुसरी यायची.

माझी भूक दीड भाकरीची. त्या दिवशी मी चार खाल्ल्या. दुसरं काय देणार होते मी त्यांना?