सकाळी श्रीमंत, दुपारी गरीब

काकासाहेबांचा सोफा दारातून आत जाईना, तेव्हा बन्सी ठुबेने दाराची चौकटच काढावी असं सुचवलं.

"अन् मग दार कशाला लावायचं?" त्याची बायको रतनबाई म्हणाली. "तिरका घ्या की जरा."

सोफा तिरका झाला, आडवा झाला, उभा झाला आणि शेवटी चौघांच्या डोक्यावरून आत तरंगत गेला. बन्सी हात द्यायचं सोडून बघत राहिला. मरून रंगाचा एवढा मोठा ढग आपल्या घरात शिरताना त्याने याआधी पाहिला नव्हता.

बघत राहणं हेच बन्सीचं काम होतं. पारनेरच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यांतल्या एका रांगेचा तो राखणदार. तिथे चोर क्वचित येत, वारा रोज येई. पाती संथ फिरत, त्यांची सावली गवतावरून पुढे सरके आणि बन्सी दिवसाढवळ्या स्वप्नं बघे. हल्ली स्वप्न एकच असे. मुलगी संस्कृती पांढरा कोट घालून पठारावर उभी आहे आणि एक पवनचक्की तिच्यापुढे वाकून आपला आखडलेला खांदा दाखवते आहे.

स्वप्नातला कोट खरा झाला होता. संस्कृती फिजिओथेरपीची पदवी घेऊन भिंगारच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. आता नाशिकला तिला पुढच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. सोमवारपर्यंत फीची सोय झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीकडे जाणार होती. ही फी बन्सीच्या पगारात बसणारी नव्हती. म्हणून संस्कृतीने दोन अर्ज केले होते. पहिल्या वर्षासाठी नगरच्या एका ट्रस्टकडे, जो गरजू मुलींना शिष्यवृत्ती देतो आणि दुसऱ्या वर्षासाठी बँकेकडे, शैक्षणिक कर्जाचा. दोघांचीही माणसं घर बघायला येणार होती, आणि एकाच दिवशी. बँकेचे साहेब सकाळी, ट्रस्टचे सर दुपारी.

"बाबा, घर आहे तसं ठेवा," तिने फोनवर बजावलं होतं. "वाढवून सांगू नका, कमी करून सांगू नका. दुपारपर्यंत मी पोचते."

बन्सी "व्हय व्हय" म्हणाला. पण तेव्हा शेजारी काकासाहेब बसले होते. काकासाहेब गल्लीतले सगळ्यांत जाणते. त्यांनी आयुष्यात तीन कर्जं घेतली होती आणि त्यावर त्यांचा अभ्यास झाला होता.

"बन्सी, बँक म्हंजी पाणपोई न्हाई, तहानलेल्याला पाणी द्याया," ते म्हणाले. "माझ्या दारात पहिला ट्रॅक्टर दिसला तवा त्यांनी दुसऱ्या ट्रॅक्टरला कर्ज दिलं. हाय त्यालाच मिळतंय. घर भरलेलं दिसाय पायजे."

"अन् दुपारी ट्रस्टवाले येत्यात. त्यांना गरज दिसाय पायजे."

"तवर उचलू की. गरीब व्हायला कितीसा येळ लागतोय?"

गल्लीची रीतही अशी होती की कुणाच्या घरी पाहुणा आला, तर त्याला आपल्या घरातलं चांगलं ते न्यायचं. कप-बशा, गादी, पितळी तांब्या हे नेहमीचंच. या वेळी पाहुणा बँकेचा होता, म्हणून सामान त्या मानाने आलं. खालच्या आळीतून फ्रिज आला. छगनने टीव्ही आणला. टीव्हीबरोबर छगनची आजीही आली, कारण तिची मालिका लागायची वेळ झाली होती. जोडणी राहून गेली तरी आजी काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसली आणि मन लावून बघू लागली. बन्सीला तिचा हेवा वाटला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ट्रस्टचे सुमंत सर, नगरचे निवृत्त मुख्याध्यापक, यांनी आदल्या दिवशी बन्सीला फोन केला होता. दुपारची एसटी बंद झाली आहे, त्यामुळे मी सकाळीच येतो, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. बन्सी तेव्हा पवनचक्कीखाली होता. त्याने "या, या" म्हणून फोन खिशात ठेवला आणि तो निरोप वाऱ्याबरोबर मालेगावच्या दिशेला निघून गेला. त्याच सकाळी बँकेचे धवल साहेब वाटेत दुसऱ्याच गावात अडकले होते.

तेव्हा एसटीतून उतरलेल्या, हातात फाईल असलेल्या गृहस्थांना काकासाहेबांनी नाव न विचारताच दंडाला धरून सोफ्यावर बसवलं. सुमंत सरांची आपली एक सवय होती. घर बघायला गेलं की आधी आपण बोलायचं नाही.

"बसा सायेब, ऐसपैस बसा," काकासाहेब म्हणाले. "बन्सीला कशाची कमी न्हाई. आमी तर ह्याला पवनचक्कीचा मालकच म्हणतो."

"अच्छा," सर म्हणाले.

"गार पानी घ्या, फ्रिजातलं," रतनबाई म्हणाली. तिने फ्रिज उघडून तांब्या काढला. फ्रिजची वायर भिंतीपर्यंत पोचली नव्हती. सर ते कोमट पाणी शांतपणे प्यायले.

"मुलीच्या फीचं कसं करणार होता?"

"फीचं काय घिऊन बसला सायेब," बन्सी म्हणाला. त्याला हे वाक्य काकासाहेबांनी पढवलं होतं, पण म्हणता म्हणता ते त्याला आवडलं. सोफा मऊ होता, उन्हाचा एक कवडसा फ्रिजवर पडला होता, आणि आपण खरोखरच असे आहोत असं त्याला वाटू लागलं. "माझ्या मनात तर तिला परदेशीच धाडायची हुती. तिची आई न्हाई म्हणली."

रतनबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिने असं काहीच म्हटलं नव्हतं.

"आजी, काय बघताय?" सरांनी विचारलं.

"आज काय चालू न्हाई बगा," आजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "नुस्ता अंधार दावत्यात."

सरांनी मान हलवली, चहा घेतला, फाईल उघडलीच नाही आणि नमस्कार करून एसटीच्या थांब्याकडे गेले. काकासाहेबांनी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवलं. परत येऊन ते म्हणाले, "झालं काम. आता गरीब व्हा."

थांब्यावर सुमंत सर एकटेच होते. पावसाळा संपत आलेला, माळावर पिवळी फुलं, वर पवनचक्क्या झोपेत कूस बदलावी तशा फिरत होत्या. सरांचा डोळा लागत होता. तेवढ्यात समोरच्या गल्लीतून एक फ्रिज दोन माणसांसह चालत गेला. थोड्या वेळाने टीव्ही गेला. त्याच्यामागून एक आजी गेली, चालतानाही टीव्हीकडेच बघत. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग रस्त्याने जाणाऱ्या एकाने सांगितलं की एसटी घाटाखाली बंद पडली आहे आणि आज काही ती येत नाही. सर उठले आणि फ्रिज ज्या दिशेने आला होता, त्या दिशेला चालू लागले.

बन्सीच्या अंगणात तोवर वेगळंच घडलं होतं. सोफा दारातून बाहेर निघाला खरा, पण एक बाजू काकासाहेबांनी एकट्याने पेलली होती. सोफा जमिनीवर टेकला आणि काकासाहेब वाकलेले ते वाकलेलेच राहिले.

"उठा की, काका," छगन म्हणाला.

"उठायला काय मला आवडत न्हाई व्हय?" काकासाहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "कंबर धरली. कुनी हात लावू नका."

नेमक्या याच वेळी एका बाजूने संस्कृती प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून उतरून आली आणि दुसऱ्या बाजूने मोटारसायकलवर एक तरुण. बन्सीने मोकळ्या घराकडे एकदा पाहिलं आणि तो तरुणाला सामोरा गेला.

"या सर. आमी लई गरीब मानसं हाये," तो म्हणाला. "घरात बसायला दिकून काय न्हाई."

"मी बँकेतून आलोय," तरुण म्हणाला. "धवल. सकाळी यायचं होतं, उशीर झाला. तुम्ही कर्ज फेडू शकाल ना?"

बन्सीने वाकलेल्या काकासाहेबांकडे पाहिलं. तेवढ्यात सुमंत सर अंगणात आले.

"मंग सायेब, तुमी कोन?" बन्सीने त्यांना विचारलं.

"मी ट्रस्टचा. सकाळीच येतो म्हणून काल फोन केला होता. आलोही होतो."

वाऱ्याबरोबर गेलेला निरोप आत्ता कुठे परत आला होता.

"बाबा," संस्कृती म्हणाली, "मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलं ते बराबर हुतं," बन्सी म्हणाला. "तेवढंच करायचं ऱ्हायलं."

संस्कृतीचे डोळे भरून आले. ती सुमंत सरांकडे वळली. "सर, हे घर आत्ता दिसतंय तेच आमचं आहे. सकाळी तुम्ही बघितलं ते गल्लीचं होतं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

"बाळ, मी खूप वर्षं घरं बघतोय," सर म्हणाले. "ज्यांच्या दोन गाड्या असतात ते मला फाटकी सतरंजी दाखवतात. गरज असते त्यांच्या घरी कुणाचा तरी सोफा आलेला असतो. पाणी कोमट लागलं, तेव्हाच माझं ठरलं होतं. पहिल्या वर्षाची फी ट्रस्ट देईल. माझा शब्द ट्रस्ट मोडत नाही."

रतनबाईने पदर डोळ्याला लावला. मग सगळे धवलकडे वळले.

"दुसऱ्या वर्षाच्या कर्जाला माझी हरकत नाही," तो म्हणाला. "सोफा आमच्या नियमात कुठेच नाही. प्रवेश पक्का आहे, मार्क चांगले आहेत. फक्त रक्कम मोठी आहे, त्यामुळे घराबाहेरचा एक जामीनदार लागेल. गल्लीतलं कुणीही चालेल."

गल्ली अंगणात उभी होती. ज्याचा फ्रिज होता त्याला म्हशीची आठवण झाली. छगनला आजीला औषध द्यायचं होतं. कुणी फोनवर बोलत निघून गेलं, आणि फोन वाजलेला कुणी ऐकला नव्हता. बघता बघता अंगण रिकामं झालं. एकटे काकासाहेब राहिले, कारण त्यांना सरळ होता येत नव्हतं.

"काकासाहेब," बन्सी हळूच म्हणाला.

"मला काय ऐकू येत न्हाई," काकासाहेब जमिनीला म्हणाले. "कंबरेचा परिनाम."

संस्कृतीने पर्स सोफ्यावर टाकली आणि त्यांच्यापाशी बसली. "काका, पायात मुंग्या येतायत? बधिर वाटतंय?"

"न्हाई. पर पोरी, सहीचं आदी सांगतो..."

"सहीचं राहू द्या. हळू खाली बसा. आता पाठीवर. पोटऱ्या सोफ्यावर ठेवा. श्वास सोडा."

काकासाहेब अंगणात आडवे झाले, पाय आपल्याच सोफ्यावर. आभाळ त्यांनी बऱ्याच दिवसांनी असं पाहिलं असावं. पवनचक्कीचं एक पातं त्यांच्या नजरेच्या कडेला येत होतं, जात होतं. संस्कृतीचे हात कंबरेखाली कुठेतरी शांतपणे काम करत होते. धवल घड्याळ बघायचं विसरला. काकासाहेबांच्या चेहऱ्यावरची घडी हळूहळू मोडली आणि मध्येच ते चक्क घोरले.

"आता कुशीवर वळा. हाताने उठा. सरळ उठायचं नाही, कधीच नाही."

काकासाहेब उठले, उभे राहिले, ताठ झाले. आता ते कुठेही जाऊ शकत होते. घराच्या दिशेने ते दोन पावलं गेलेही. मग थांबले, मागे आले आणि सोफ्यावर बसले.

"सही मी करीन," ते म्हणाले. "पर एक सांगा सायेब. बँकेला मी जामीन. ही पोर शिकून नाशकातच ऱ्हायली, तर माझ्या कंबरेला जामीन कोन?"

धवलने कागद चाळले. तशी सोय कुठे नव्हती.

"मी हाय की जामीन," रतनबाई म्हणाली.

"आई, मला विचार तरी," संस्कृती म्हणाली. नाशिकला खेळाडूंचं एक मोठं रुग्णालय होतं. त्याच्या काचेच्या दारातून आत जाताना तिने स्वतःला मनात पुष्कळदा पाहिलं होतं, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती थोडा वेळ माळाकडे बघत उभी राहिली. या बाबतीत ती बापावर गेली होती.

"शिक्षण झालं की आठवड्यातून दोन दिवस येईन," ती शेवटी म्हणाली. "पण फी घेईन."

"घरच्या मानसाकडनं?"

"घरच्या माणसाकडून आधी."

"अर्धी."

"तुमची कंबर अर्धीच दुखते का, काका?"

काकासाहेबांनी विचार केला, पेन घेतलं आणि सही केली. सुमंत सरांनी हलकेच टाळी वाजवली. बन्सी मात्र कुठेतरी दूर बघत होता.

त्या टाळीने असेल किंवा काकासाहेब ताठ बसलेले कुणीतरी भिंतीआडून पाहिल्याने असेल, गल्ली परतू लागली. म्हशीचा मालक गुडघा धरून आला. फोनवाला मनगट धरून आला. सगळ्यांत पुढे छगन होता, एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने आजीला धरून.

"काका, सही झाली न्हवं?" तो म्हणाला. "मंग उठा तिथनं. आता नंबर माझा हाय."