मुकं झालेलं फाटक

निवृत्त झाल्यावर काकासाहेबांनी पुंडलिकनगरातल्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं लेथ मशीन हौसेनं बसवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की यावर करायचं काय, हे आपण ठरवलंच नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात मापांचं ड्रॉइंग हातात यायचं आणि काकासाहेब केसाचाही फरक पडू न देता तसाच जॉब कातून काढायचे. घरात ड्रॉइंग कोण देणार?

आधी त्यांनी बायकोसाठी पोलादी लाटणं केलं. आरशासारखं चकचकीत!

"लाटणं हाय का पहार?" लक्ष्मीबाईंनी ते दोन्ही हातांनी कसंबसं उचललं. "दिवाळीपत्तुर घराच्या उपेगाचं काय निघालं तर ठीक. नाय तर ते मशीनचं धूड भंगारात!"

काकासाहेब काम शोधत घरभर फिरू लागले. एकदा दूध घेऊन येताना फाटक करकरलं आणि त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी लेथवर पितळेचे बुश, म्हणजे गुळगुळीत नळकांडी, कातून बिजागऱ्यांत बसवले. मग फाटक करंगळीनं ढकललं तरी फिरू लागलं, तेही आवाज न करता. शेजारचे नानासाहेब पोरासारखं ते उघडझाप करत राहिले. "काकासाहेब, हात हाय का जादू!" लक्ष्मीबाईंनाही मनातून कौतुक वाटलं, पण ते चेहऱ्यावर दिसू देतील तर त्या लक्ष्मीबाई कसल्या!

घोटाळा पुढंच झाला. त्या गल्लीत बेल कोण वाजवतो? फाटक करकरलं, की लक्ष्मीबाई पदर सावरायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. त्या दुपारी त्या बहिणीशी फोनवर रंगात आल्या होत्या.

"विहीणबाईच्या पुरणपोळ्या? आगं, एक खाल्ली अन् दुसरी चपलेला तळ म्हणून लावावी वाटली!"

हसत हसत त्या वळल्या, तर दारात करमाडच्या द्वारकाबाई, लेकीच्या सासूबाई, मेथीची पिशवी घेऊन उभ्या.

"चालू द्या की," द्वारकाबाई म्हणाल्या. "चपलेचं काय म्हणत व्हता?"

त्यांनी चहा घेतला, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. जाताना फाटकही बोललं नाही.

"आवं, ते फाटक पयल्यासारखं वाजलं पायजे!" लक्ष्मीबाई कडाडल्या. "नाय तर दिवाळीची वाट बी बघत नाय, आत्ताच बोलावते भंगारवाल्याला!"

काकासाहेबांनी बुशांत वाळू टाकली, मिठाचं पाणी ओतलं. फाटक हूं की चूं करेना. मग मुद्दाम वाईट बुश काढायला बसले, पण हात चुकायलाच तयार नाही. प्रत्येक बुश आधीच्याहून सरस! जन्मभर आवाज घालवणाऱ्या माणसाला आवाज काढायला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्यांनी बुश काढून ठेवले, त्यांच्या जागी दातेरी कडं कापून बसवलं आणि त्यावर पोलादाची पट्टी घासती ठेवली. लक्ष्मीबाई ओट्याजवळून परीक्षा घेत होत्या.

"हे तर मांजर!... ही यष्टी!... व्हय, व्हय! आता आपलं फाटक!"

त्यांनाही कबूल करावं लागलं, की या हाताला तोड नाही.

चार दिवसांनी फाटक नीट करकरलं. लक्ष्मीबाईंनी फोन ठेवला, पदर सावरला, आधण ठेवलं. द्वारकाबाईच होत्या. या वेळी चक्क हसत आल्या.

"व्याहीबुवा, ते मुके बुश टाकले नाय ना? मला द्या. आमचं फाटक लई बोंबलतं. सून फोनवर तिच्या आईला काय सांगती, ते मला कधी ऐकूच येत नाय बघा."

लक्ष्मीबाईंचा साखरेचा चमचा हवेतच राहिला. काकासाहेब मात्र कौतुकानं फुलून बुश आणायला उठले.

"आवं, विहीणबाईला जुने कशाला?" लक्ष्मीबाई साखरेहून गोड झाल्या. "नवे करून द्या की!"

आणि पाठोपाठ शेडमध्ये येऊन कानाशी लागल्या, "मशीन ऱ्हाऊ द्या इथंच. पर करमाडचं फाटक असं वाजलं पायजे, की आपली पोर मागच्या परसात असली तरी तिला ऐकू यावं!"

काकासाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली. घरात पहिल्यांदाच कुणीतरी ड्रॉइंग दिलं होतं.