सिम्युलेटरचा खाऊ

शिन-पेईने सिम्युलेटरचा खाऊ खाल्ला, आणि पुडी रिकामी झाल्यावरच तिच्या ते लक्षात आलं.

सकाळचे आठ वाजले होते. वैमानिकीच्या चार वर्षांच्या पदवीची शेवटची परीक्षा साडेआठला होती. धास्तीने अन्नाचा कण घशाखाली उतरला नव्हता. कॉलेजच्या सिम्युलेटरच्या, म्हणजे विमान उडवायला शिकवणाऱ्या नकली कॉकपिटच्या मागे बसून ती आणीबाणीच्या सूचना पाठ करत होती. डोळे कागदावर होते आणि एक हात रिकामा होता. त्या हाताला सिम्युलेटरच्या कॉम्प्युटर-कपाटावरची मक्याच्या खाऊची हिरवी पुडी लागली.

तैवानात यंत्र म्हटलं की त्यावर ही पुडी आलीच. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ती ठेवतात. हिरवीच हवी, मुदत संपलेली नको, आणि फोडायची तर मुळीच नाही. खायची नाही हे कुणाला सांगावं लागत नसे.

"आ-श्योंग काका," ती सिम्युलेटर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली, "मी ते खाल्लं."

काकांनी पुडी उलटी केली. थोडा चुरा पडला. "सगळं?"

"सगळं."

"अगं, देवाचा नैवेद्य आधीच खाल्ला असतास तरी चाललं असतं. देव माफ करतो. हा कॉम्प्युटर आहे!"

ती फाटकाशेजारच्या दुकानात धावली. परीक्षांचा आठवडा, त्यामुळे हिरव्या पुड्या कधीच संपल्या होत्या. "पिवळी देऊ?" दुकानवाली म्हणाली.

"पिवळीने यंत्र बिघडतं, मावशी!"

"मग लवकर यायचं होतं."

ती हात हलवत परतली, तेव्हा काका रिकाम्या पुडीत तोंडाने हवा भरत होते. चिकटपट्टी लावून त्यांनी ती जागेवर ठेवली. "यंत्राला लांबून काय कळतंय," ते कुजबुजले. "फक्त पुडीजवळ शिंकू नकोस."

परीक्षक चुआंग सर आले. तीस वर्षं विमान उडवलेला हा माणूस हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. नापास झालं तर पदवी वर्षभर लांबणार होती आणि विमान कंपनीची मुलाखत हातची जाणार होती. तिकडे समुद्रकाठी मासे पाळणारे तिचे वडील स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण पोरगी आज वैमानिक होणार हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. तिला रडू येत होतं, पण ती खुर्चीत बसली आणि तिने पट्टा आवळला.

उड्डाण छान झालं. उतरायची तयारी सुरू झाली, आणि मागच्या कपाटावरून हळूच आवाज आला. फुस्स.

त्याच क्षणी समोरचे वेग आणि उंची दाखवणारे सगळे पडदे काळे पडले.

"सर, चूक माझी आहे," शिन-पेई म्हणाली. "मी त्याचा खाऊ खाल्ला. मुद्दाम नाही, मी सूचना वाचत होते. मग पिवळी मिळत होती, पण पिवळी कशी ठेवणार? म्हणून हवा भरली. काकांना काही बोलू नका, ते माझ्यासाठी करत होते. मला नापास करा. पण बाबांना कसं सांगू? त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलंय, सर!"

ती बोलत होती, रडत होती, बाहीला नाक पुसत होती. सरांनी तिला एकदाही अडवलं नाही. शेवटी ती दमून थांबली.

"यंत्र कधी दुरुस्त होईल, सर?"

"यंत्राला काय झालंय?"

"पडदे गेले ना."

"ते मी बंद केले. तो प्रश्न होता."

शिन-पेईने कॉकपिटच्या नकली खिडकीबाहेर पाहिलं. विमान धावपट्टीच्या मधोमध शांत उभं होतं. चाकं उघडलेली होती, राखीव वीज चालू होती, आणि तिचे पाय अजून ब्रेकवर दाबलेले होते. हे सगळं कधी केलं, ते तिला काही केल्या आठवेना.

चुआंग सरांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि ते निघून गेले.

तिने बाहेर येऊन घरी फोन लावला. वडील माशांच्या तळ्यावरच होते. पाण्याचा आवाज येत होता आणि मागे गावातली बरीच माणसं कुजबुजत होती.

"काय झालं गं?"

"पास झाले, बाबा. पण शेरा वाईट आहे."

"वाच."

"'हात चोख आहेत. संकटात फार बोलते.'"



"बोलणं तुझ्या आईवर गेलंय, त्याला इलाज नाही," वडील म्हणाले. "थांब, फोनचा आवाज मोठा करतो. ते हातांचं परत एकदा वाच."