स्टॉक नाही

मीटिंगमध्ये पंखा थेट डोक्यावर गरगरत होता आणि स्टोअरकीपर काकांना सर्दी झाली होती. पंखा जरा कमी करा, एवढंच सांगायला त्यांनी हात वर केला. नेमकं तेव्हाच मॅनेजर विचारत होते की वरच्या मजल्यावरची रिकामी खोली हवी असेल, तर कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या खेळात विक्री विभागाशी कोण भिडणार? टाळ्या वाजल्या. पंखा होता तसाच राहिला.

त्या खोलीला खिडकी होती आणि स्टोअर होतं तळघरात. काकांच्या मदतनीस ताईंना बाहेर ऊन आहे की ढग, हे जेवणाच्या सुट्टीतच कळायचं. आपण बटाटे असतो तर एव्हाना कोंब फुटले असते, असं हातगाडी ढकलणारा पैलवान म्हणायचा. त्यामुळे हात चुकून वर गेला हे सांगायला निघालेल्या काकांना ताईंनी दारातच अडवलं.

"हरलो तर हरलो, काका. पण खिडकी हवी का, असं आपल्याला पुन्हा कोण विचारणार आहे?"

खेळ साधा होता. तिघांविरुद्ध तिघं, तोच नकाशा तीनदा, आणि दोन डाव जिंकेल त्याची खोली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या की मधल्या गोदामातून नवीन घ्यायच्या. विक्रीवाल्यांचा कप्तान घरी रोज हेच खेळायचा. त्याला सगळे हिरो म्हणत आणि त्यालाही ते पटलेलं होतं.

पहिल्या डावात काका गोदामात शिरले आणि त्यांचा जीव कासावीस झाला. बंदुका कुठेही पडलेल्या, गोळ्यांच्या पेट्या वाकड्यातिकड्या. शत्रूबित्रू विसरून ते पेट्या सरळ करायला लागले, सवयीने ताई आणि पैलवानही मदतीला धावले. हिरोने तिघांनाही पाठमोरंच टिपलं. अख्खं ऑफिस पोट धरून हसलं. निदान रांग तरी सरळ झाली, असं काका पुटपुटले.

ताई मात्र हसत नव्हत्या. विक्रीवाले भिंतींवर, आकाशात, दिसेल तिथे गोळ्या उधळत होते आणि मग गोदामाकडे पळत होते, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

"काका, हे तर आपले रोजचेच लोक. आधी उधळायचं, मग स्टोअरच्या दारात उभं राहायचं."

काकांचा चेहरा उजळला. दुसऱ्या डावात तिघं सरळ गोदामात गेले आणि सरळ केलेल्या पेट्यांमागे दबा धरून बसले. बाहेर बराच वेळ धडाधड चालू होतं. मग तिन्ही विक्रीवाले रिकाम्या बंदुका घेऊन आत आले. काकांनी त्यांना अगदी जवळ येऊ दिलं आणि जन्मभर म्हणत आलेलं वाक्य म्हटलं.

"स्टॉक नाही. उद्या या."

मग तिघांनी मिळून बार काढले.

तिसऱ्या डावाला हिरो कंटाळला होता. तोच नकाशा, तीच दारं, यात काय मजा, असं म्हणत तो गोदामाच्या छपरावर चढला. स्टोअरवाल्यांना कंटाळा ठाऊकच नव्हता. त्याच मांडण्यांभोवती रोज फिरून त्यांची हयात गेली होती, आणि दर फेरीत त्यांना काहीतरी नवं दिसायचंच. या फेरीत पैलवानाला दारामागचा कोपरा सापडला. हिरोच्या दोन्ही साथीदारांना त्याने तिथूनच निकालात काढलं. ताईंना पेट्यांच्या फटीतून छपराची शिडी दिसली. हिरो उतरला तो थेट त्यांच्या बंदुकीसमोर, आणि त्याच्याकडे एकही गोळी उरली नव्हती.

"मॅडम, एक तरी गोळी द्या ना," तो हॉलच्या पलीकडून ओरडला.

"चिठ्ठी आणलीय?" ताईंनी विचारलं आणि घोडा दाबला.

ऑफिस दणाणून गेलं. पैलवानाने काकांना खुर्चीसकट उचललं. इतका आनंद काकांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता, आणि त्यांची सर्दीही कुठल्या कुठे पळाली.

सोमवारी तिघं नव्या खोलीत आले. टेबलावर भरपूर ऊन पडलं होतं. ताई खिडकीशी गेल्या, डोळे मिटून चेहरा उन्हात धरून उभ्या राहिल्या. काकांनाही भरून आलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कॉम्प्युटर लावला, म्हणाले, एकच डाव खेळू, त्याच नकाशावर.

ताईंनी खुर्ची ओढली, पडद्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले. उजेडाने त्यावर काहीच दिसत नव्हतं. त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी घट्ट लावून तिच्यावर दोन जाड पुठ्ठे ठोकले.

"हं, आता बरं दिसतंय," त्या म्हणाल्या. "पैलवान, ट्यूब लाव."