स्टुलावरचे सासरे

चार दिवसांसाठी म्हणून आलेल्या सासऱ्यांचा तिसरा आठवडा सुरू झाला, तेव्हा जावयाचा धीर सुटत चालला होता. घरातली एकुलती एक आरामखुर्ची त्यांची, सकाळची बाथरूम त्यांची, आणि मतं तर सगळ्याच बाबतीत त्यांची. जन्मभर वजनमापं तपासायची नोकरी केलेला माणूस. दुधाची पिशवीसुद्धा हातात तोलून बघितल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. बायकोचं म्हणणं एवढंच, की बाबांना एकदा तरी मनापासून राहा म्हण. जावई हं म्हणायचा. आज सकाळी मात्र त्यानं गुपचूप रविवारचं त्यांचं परतीचं तिकीट काढून टाकलं होतं.

त्यात आज लेसरवरची त्याची पाळी संपत होती. तो काम करायचा त्या अख्ख्या संशोधन संस्थेत लेसर एक आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले ढीगभर. आज आलेख नीट आला नाही तर पाळी जाणार आणि पाठोपाठ नोकरीही, हे सरांनी अत्यंत गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. आणि नेमकं आजच सासऱ्यांच्या मनात आलं, की जावई दिवसभर करतो तरी काय ते बघून यावं. जावयानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं नुसतं परत पाहिलं. तो निमूटपणे सासऱ्यांना घेऊन निघाला.

प्रयोगशाळेत चष्म्यावर लेसरचा चष्मा आणि बुटांवर निळ्या पिशव्या चढवून सासरे उभे राहिले. जावयानं तिळाएवढा काळा स्फटिक दाखवला. यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना असे अडवून बसलेत, की कुणालाच हलता येत नाही आणि वीज काही वाहत नाही. प्रकाशाचा एक झटका दिला की सगळे सुटतात आणि हाच दगड धातूसारखा वागायला लागतो.

"किती वेळ?" सासऱ्यांनी विचारलं.

"सेकंदाचा लाख कोटीवा भाग."

"आणि मग?"

"मग परत जैसे थे."

सासऱ्यांनी वाकून स्फटिक निरखला. "एवढंसं मोजता कशानं? त्या मापावर शिक्का आहे का?"

जावयानं राग गिळला. एका झटक्यामागोमाग दुसरा पाठवून मोजतात, दोन्ही एकाच ठिपक्यावर पडावे लागतात, केसभर हलले तरी मुसळ केरात, असं त्यानं एका दमात सांगितलं आणि पडद्याकडे वळला. पडद्यावरची रेघ सकाळपासून थरथरत होती. त्यानं हा आरसा फिरवला, तो फिरवला, मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला. सासऱ्यांचे पाय दुखायला लागले, तसं त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि एसी आणि टेबल यांच्या मधोमध बैठक मारली.

रेघ एकदम सरळ झाली. मग झटक्यापाशी कशी सुरेख खाली आली आणि वर गेली. आपण शेवटचा फिरवलेला आरसाच पावला, असं समजून जावयानं उड्या मारायच्या बाकी ठेवल्या आणि सरांना फोन लावला. सर येईपर्यंत सासरे चहा शोधायला बाहेर पडले होते आणि रेघ पुन्हा पिसाळली होती.

"हेच दाखवायला बोलावलंत?" सर म्हणाले.

जावयाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात सासरे परतले, बसले, रेघ सरळ. सरांशी हात मिळवायला उठले, रेघ वाकडी. पुन्हा बसले, पुन्हा सरळ. सरांनी एसीकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या ऐसपैस देहाकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एसीचा झोत किरणांवर येत होता आणि सासरे मध्ये बसले की अडत होता. एसी बंद करावा तर लेसर तापणार. जावयानं पुठ्ठा उभा केला, तर पुठ्ठाच फडफडायला लागला. टेबलाभोवती पेटी बसवायची म्हटलं तर ती बनून यायला महिना जाणार होता.

"पाळी महिनाभर वाढवून देतो," सर म्हणाले. "पण हे गृहस्थ रोज इथे हवेत."

संध्याकाळी जेवणं झाल्यावर जावई बराच वेळ घसा खाकरत बसला. कामावर काय घडलं यातलं अवाक्षरही त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. शेवटी मन घट्ट करून तो म्हणाला, "बाबा, अजून महिनाभर राहा ना. तुम्ही गेलात की आम्हाला करमायचं नाही."

बायकोच्या हातातलं ताट हातातच राहिलं. तिचे डोळे भरून आले. काहीतरी बोलायला गेली, ते जमेना, म्हणून घाईघाईनं स्वयंपाकघरात गेली. आता मात्र जावयाला स्वतःचीच लाज वाटली.

सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "ते रविवारचं तिकीट रद्द करा. सकाळी तुमच्या फोनवर दिसलं मला."

जावयानं मान खाली घातली.

"राहतो मी. पण ते स्टूल टोचतं हो, जावईबापू. ही खुर्ची तिकडे न्या." आतून भांड्यांच्या आवाजात बायकोचं गुणगुणणं ऐकू येत होतं. सासरे क्षणभर ऐकत राहिले. "आणि मला आडोसा म्हणून ठेवून घेतलंय, हे पोरीला कळू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई आरामखुर्ची डोक्यावर घेऊन सासऱ्यांसोबत कामावर निघाला. बायको दारात उभी राहून दोघांकडे कौतुकानं बघत होती.